औषधं, यकृत आणि ऑटोफॅजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधशास्त्र शिकवते. ‘औषधांमुळे यकृताला होणारी इजा’ हा विषय वर्गात एका तासात उरकता येतो. वर्गाबाहेर मात्र तो संपत नाही, कारण विद्यार्थी, शेजारी, नातेवाईक आणि अलीकडे उपवासाचे व्हिडिओ पाहून आलेली मंडळीही तेच तेच विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळ्या प्रश्नांचं वजनही सारखं नाही.

ऑटोफॅजी म्हणजे नेमकं काय?

पेशीने स्वतःचेच खराब झालेले भाग गोळा करून पचवणं, म्हणजे ऑटोफॅजी. मराठीत कुणी ‘स्वभक्षण’ म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण ऐकायला भयंकर वाटतो आणि त्यामुळे गैरसमज होतो. पेशी स्वतःला खाऊन संपवत नाही, घर झाडते.

घंटागाडी डोळ्यांसमोर आणा. पेशीत मोडकी प्रथिनं, निकामी मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारी केंद्रं), साठलेले चरबीचे थेंब असा कचरा रोज तयार होतो. त्याच्याभोवती दुहेरी पडद्याची एक पिशवी विणली जाते. ती ऑटोफॅगोसोम, म्हणजे आपली घंटागाडी. ही पिशवी लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त डेपोत जाऊन मिळते. तिथली विकरं सगळ्याचे तुकडे करतात आणि त्यातून निघालेली अमिनो आम्लं, मेदाम्लं पेशी पुन्हा वापरते. खराब मायटोकाँड्रिया उचलण्याच्या कामाला मायटोफॅजी म्हणतात, चरबीचे थेंब उचलण्याला लिपोफॅजी. हे दोन शब्द पुढे लागतील.

याचा शोध यकृतातच लागला, हे खरं का?

पहिलं दर्शन यकृतातच झालं. १९६२ साली अॅशफोर्ड आणि पोर्टर या दोन संशोधकांनी उंदराच्या यकृताला ग्लुकागॉन हे संप्रेरक दिलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पडद्याच्या पिशव्यांमध्ये अर्धवट पचलेले मायटोकाँड्रिया दिसले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, लायसोसोमचे शोधकर्ते ख्रिस्तियान द दूव यांनी या प्रक्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिलं. ग्लुकागॉन वाढतं ते उपाशीपोटी, आणि उपाशीपोटी यकृत स्वतःतलं सामान मोडून शरीराला इंधन पुरवतं, हा धागा तिथूनच सुरू होतो.

त्यानंतर बरीच वर्षं हे ज्ञान चित्रांपुरतंच राहिलं. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या उपाशी पेशींमध्ये ही प्रक्रिया पकडली, १९९० च्या दशकात तिच्यामागची जनुकं शोधून काढली आणि २०१६ साली त्यांना नोबेल मिळालं. ही जनुकं हाती आल्यावरच ‘यकृतातली ऑटोफॅजी बंद केली तर काय होतं’ असा प्रश्न प्रयोगशाळेत विचारता येऊ लागला.

औषधांचा फटका यकृतालाच का बसतो?

कारण तोंडाने घेतलेली जवळजवळ प्रत्येक गोळी आतड्यातून शोषली गेल्यावर आधी यकृतात जाते. तिला पाण्यात विरघळेल असं रूप देऊन बाहेर काढणं हे यकृताचं काम. या कामात कधीकधी मूळ औषधापेक्षा जास्त घातक असा मधला पदार्थ तयार होतो. तो पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो, मायटोकाँड्रियांना दुखावतो, किंवा शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या चिकटलेल्या प्रथिनाला परकं समजून हल्ला करते.

इजा दोन तऱ्हेची असते. एक मात्रेवर ठरते: जास्त घेतलं की कुणालाही होणार. पॅरासिटामॉल हे तिचं ठळक उदाहरण. दुसरी माणसामाणसांवर ठरते: हजारो लोक तेच औषध तेवढंच घेतात आणि त्यांतल्या एखाद्यालाच कावीळ होते. तिचा अंदाज आधी बांधणं फार अवघड असतं.

पॅरासिटामॉल जास्त झालं की पेशीत काय घडतं?

हे सावकाश सांगते, कारण ऑटोफॅजीबद्दल जे काही खात्रीने माहीत आहे त्याचा मोठा भाग याच औषधावरच्या कामातून आला आहे.

नेहमीच्या मात्रेत बहुतेक पॅरासिटामॉल निरुपद्रवी रूपात लघवीवाटे निघून जातं. थोडा हिस्सा, साधारण ५ ते १० टक्के, सीवायपी२ई१ या विकराच्या हातात पडतो आणि त्यातून एनएपीक्यूआय नावाचा अतिशय तिखट पदार्थ बनतो. यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडून शांत करतं. गोळ्या खूप झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग एनएपीक्यूआय मोकाट सुटतं आणि मायटोकाँड्रियातल्या प्रथिनांना चिकटतं. मायटोकाँड्रिया स्वतःच ऑक्सिडेशनचा मारा सोडू लागतात, त्यांच्या पडद्याला भोकं पडतात, त्यांतून निसटलेली विकरं केंद्रकात शिरून डीएनएचे तुकडे करतात आणि पेशी फुटून मरते.

उंदराच्या यकृताची अशी काचपट्टी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चटकन जाणवलं ते तिचं नक्षीकाम. सगळं यकृत सारखं बिघडलेलं नसतं. यकृताच्या छोट्या छोट्या खंडांच्या मधोमध एकेक शीर असते, ती मध्यशीर. अशा प्रत्येक मध्यशिरेभोवती फिकट, केंद्रकं हरवलेल्या पेशींचं एक वर्तुळ, आणि त्यापलीकडे गुलाबी, धडधाकट पेशी. सीवायपी२ई१ मध्यशिरेजवळ सर्वांत जास्त असतं, म्हणून विषही तिथेच जास्त बनतं.

मग यात ऑटोफॅजी कुठे येते?

त्या वर्तुळाच्या काठावर.

२०१२-१३ च्या सुमारास संशोधकांनी उंदरांच्या यकृतात हेच नक्षीकाम बारकाईने पाहिलं. मेलेल्या पेशींच्या आणि धडधाकट पेशींच्या मधल्या पट्ट्यात ऑटोफॅगोसोम दाटीवाटीने भरलेले आढळले. त्या पेशींना विष लागलं होतं, पण त्या मेल्या नव्हत्या. बिघडलेले मायटोकाँड्रिया त्या झपाट्याने उचलून डेपोत पाठवत होत्या. सह्याद्रीत वणवा पुढे सरकू नये म्हणून वन खातं जाळरेषा काढतं ना, तसा हा पट्टा इजा पसरू देत नव्हता.

प्रयोगही तेच सांगत होते. ऑटोफॅजी वाढवणारं रॅपामायसिन दिलेल्या उंदरांचं यकृत कमी बिघडलं, ती अडवणारं क्लोरोक्विन दिलेल्यांचं जास्त बिघडलं. ऑटोफॅजी इथे दोन कामं करते असं दिसतं: विष चिकटलेली प्रथिनं उचलते आणि बिघडलेले मायटोकाँड्रिया फुटायच्या आत हलवते. माझ्या मते दुसरं काम जास्त मोलाचं. बिघडलेला मायटोकाँड्रिया जागेवर राहिला की शेजारच्यांनाही बिघडवतो.

म्हणजे ऑटोफॅजी बंद असलेल्या उंदराला पॅरासिटामॉल बाधणारच, असंच ना?

तसंच वाटेल, पण निकाल उलटा आला. या विषयातलं मला सर्वांत आवडणारं कोडं हेच.

ज्या उंदरांच्या यकृतातून एटीजी५ हे ऑटोफॅजीचं जनुक जन्मापासून काढलेलं होतं, त्यांना पॅरासिटामॉल कमी बाधलं. याचं कारण पी६२ या प्रथिनात सापडलं. पी६२ हा कचरा ओळखून घंटागाडीत चढवणारा कामगार. तो स्वतःही कचऱ्याबरोबर पचून जातो. गाडी कायमची बंद असली की पी६२ साठत जातं आणि एनआरएफ२ या नियंत्रकाला अडवून ठेवणाऱ्या प्रथिनाला धरून बसतं. एनआरएफ२ मोकळं होतं, आणि त्याच्या हुकमाने ग्लुटाथायोन बनवणारी यंत्रणा अहोरात्र चालू राहते. म्हणजे या उंदरांकडे विष शांत करणारा साठा आधीच जय्यत तयार होता.

दुसऱ्या एका गटाने वाढलेल्या उंदरात एटीजी७ हे जनुक नंतर बंद केलं, शरीराला अशी जुळवाजुळव करायला वेळच न देता. त्या उंदरांना पॅरासिटामॉल जास्त बाधलं.

दोन्ही निकाल बरोबर आहेत. अचानक बंद पडलेली सफाई आणि वर्षानुवर्षं बंद असलेली सफाई यांत फरक पडतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि जन्मापासून ऑटोफॅजी नसलेल्या उंदरांचं पॅरासिटामॉलपासून रक्षण झालं, म्हणून त्यांचं बरं चाललं होतं असंही नाही. त्यांचं यकृत सुजून मोठं झालेलं असतं आणि वय वाढलं की त्यात गाठी होतात. ‘ऑटोफॅजी चांगली की वाईट’ असं कुणी विचारलं की मला हे उंदीर आठवतात. कधी, किती वेळ आणि कोणत्या पेशीत, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

‘कोणत्या पेशीत’ म्हणजे? यकृतातल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात का?

नसतात. मुख्य यकृतपेशींत ऑटोफॅजी बहुधा रक्षण करते. तिथल्या भक्षक पेशींत ती दाह आटोक्यात ठेवायला मदत करते. पण यकृतात ताराकृती पेशी नावाची एक जात आहे. त्यांच्यात चरबीचे थेंब साठलेले असतात आणि इजा झाली की याच पेशी व्रणाचे धागे विणतात. हे विणकाम करायला लागणारं इंधन त्या आपल्याच थेंबांची ऑटोफॅजी करून मिळवतात. म्हणजे जी प्रक्रिया एका पेशीला वाचवते, तीच शेजारच्या पेशीत यकृत कडक व्हायला हातभार लावते.

संशोधनाच्या बातम्यांत ‘अमुक औषधाने ऑटोफॅगोसोम वाढले’ असं येतं. म्हणजे ऑटोफॅजी वाढली ना?

इथे जाणकारही फसतात. रस्त्यावर घंटागाड्यांची रांग लागलेली दिसली, तर दोन शक्यता असतात: पालिकेने गाड्या वाढवल्या, किंवा डेपोचं फाटक बंद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही चित्रं सारखीच दिसतात.

म्हणून नुसती पिशव्यांची मोजणी पुरत नाही. त्यांच्या पडद्यावरचं एलसी३ हे प्रथिन मोजतात, पी६२ उतरतंय की साठतंय ते पाहतात, आणि मुद्दाम डेपो बंद करून बघतात की रांग आणखी वाढते का. वाढली तर गाड्या खरंच चालू होत्या. नाही वाढली तर फाटक आधीच बंद होतं. एखाद्या शोधनिबंधात हे केलेलं नसेल, तर त्याच्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगते.

काही औषधं स्वतःच ही सफाई बंद पाडतात का?

हो. क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लायसोसोममध्ये साठून तिथलं आम्ल कमी करतात, म्हणजे थेट डेपोच थंडावतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी देतात ते अमिओडॅरोन लायसोसोममध्ये फॉस्फोलिपिडचे थर साचवतं. एचआयव्हीवरचं एफाविरेन्झ प्रयोगशाळेतल्या यकृतपेशींत जास्त मात्रेत मायटोकाँड्रियांची सफाई अडवतं असं दिसलं आहे.

संधिवात किंवा ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी हे वाचून घाबरू नये. नेहमीच्या मात्रेत यकृताला इजा करण्याबद्दल त्याची ख्याती नाही आणि ते मध्येच सोडणं जास्त महागात पडतं. अमिओडॅरोन घेणाऱ्यांनी मात्र ठरलेल्या वेळी यकृताच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या चुकवू नयेत.

आपल्याकडे सर्वांत जास्त इजा कोणत्या औषधांनी होते?

टीबीच्या. देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या १,२८८ रुग्णांच्या नोंदी २०२१ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत जवळजवळ निम्म्या, ४६ टक्के, टीबीच्या औषधांच्या होत्या. त्यानंतर आयुर्वेदिक आणि इतर पर्यायी औषधं, मग फिट्सवरची. अमेरिका-ब्रिटनमध्ये तीव्र यकृत निकामी होण्याचं पहिलं कारण पॅरासिटामॉलचा अतिडोस असतो. आपलं चित्र वेगळं आहे, आणि परदेशी पुस्तकांवर वाढलेल्या आमच्या पिढीला ते पचायला वेळ लागला.

टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला बाधू शकतात, इथाम्ब्युटॉल सहसा नाही. त्रास बहुधा पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. आयसोनियाझिड मोडायला लागणारं एनएटी२ हे विकर काही माणसांत जन्मतःच मंद असतं. त्यांना धोका जास्त. उतारवय, कुपोषण, दारू, आधीची हेपॅटायटिस बी किंवा सी यांनीही धोका वाढतो.

माझ्या आत्याचं असंच झालं. गोळ्या सुरू होऊन पाचवा आठवडा. फोनवर म्हणाली, “अगं, पित्त वाढलंय, चहासुद्धा नको वाटतो.” जवळच्या दवाखान्यात दाखवलं तर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. रविवारी मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात पिवळ्या बल्बखाली उभी होती, त्यामुळे काही कळेना. म्हटलं, “आत्या, जरा ओसरीवर उजेडात ये.” डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीचं बोट फिरवल्यासारखी कड होती. लघवी तीन दिवसांपासून चहासारखी होत होती, पण ते सांगायची तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी रक्तात एएलटी, म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की वाढणारं विकर, सामान्य मर्यादेच्या नऊपट निघालं. गोळ्या थांबवल्या, तीन आठवड्यांनी आकडे उतरले, मग एकेक औषध करून पुन्हा सुरू केलं, पायराझिनामाइड वगळून. पूर्ण बरी झाली. पण तिची मळमळ ‘पित्त’ म्हणून आणखी आठवडाभर चालली असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

टीबीच्या औषधांच्या इजेतही ऑटोफॅजीचा हात असतो का?

प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत असतो असं दिसतं. आयसोनियाझिडमुळे मायटोकाँड्रिया दुखावतात आणि ऑटोफॅजी त्यांना हटवते. ती अडवली की जास्त पेशी मरतात. मात्र माणसात प्रतिकारयंत्रणेचाही वाटा मोठा असतो, त्यामुळे पॅरासिटामॉलइतकं सरळ चित्र इथे नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. टीबीचा जंतू आपल्या भक्षक पेशींत लपून बसतो आणि त्या पेशी त्याला मारायला ऑटोफॅजीच वापरतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांचा पूर्ण परिणाम होण्यासाठी यजमान पेशीतली ऑटोफॅजी चालू असावी लागते. फुप्फुसात जंतूचा नाश आणि यकृतात पेशीचं रक्षण, दोन्हीकडे एकच यंत्रणा. म्हणून टीबीच्या रुग्णात तिच्याशी खेळ करण्याआधी फार विचार करावा लागेल.

दारूचा यात काय संबंध?

दुहेरी आहे. रोजची दारू सीवायपी२ई१ वाढवते, म्हणजे विष बनवणारा कारखाना मोठा होतो, आणि ग्लुटाथायोन घटवते. शिवाय दीर्घकाळाच्या दारूने यकृतातले लायसोसोम कमी आणि कमजोर होतात, म्हणजे सफाईही मंदावते. त्या माणसाने अंगदुखीसाठी दिवसभर पॅरासिटामॉल घेतलं, तर इतरांना चालणारी मात्राही त्याला बाधू शकते.

उपवासाने ऑटोफॅजी वाढते म्हणतात. मग गोळ्या चालू असताना उपवास केला तर यकृत सुरक्षित राहील का?

नाही. हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगते, कारण या एका गैरसमजाने खरंच नुकसान होऊ शकतं.

उपवासाने ऑटोफॅजी वाढते हे खरं आहे. पण उपवासाने यकृतातलं ग्लुटाथायोनही कमी होतं. पॅरासिटामॉलची इजा हमखास घडवायची असेल, तर प्रयोगशाळेत उंदरांना आदल्या रात्री मुद्दाम उपाशी ठेवतात. त्यांच्यात ऑटोफॅजी वाढलेली असतेच, तरीही इजा जास्त होते. माणसांमध्येही १९९४ साली नोंद झाली की नेहमीपेक्षा थोडंच जास्त पॅरासिटामॉल घेऊन ज्यांचं यकृत बिघडलं, त्यांत आजारपणात जेवण सुटलेले लोक होते.

आता आपल्याकडचं चित्र बघा. डेंगी-चिकुनगुन्याचा ताप, तोंडाला चव नाही, दोन दिवस नुसती पेज. अंग ठणकतंय म्हणून दर चार तासांनी ६५०ची गोळी. वर सर्दीची गोळी, तिच्यातही पॅरासिटामॉल, ते वेष्टनावर बारीक अक्षरांत. एकादशी असेल तर पेजही नाही. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५०च्या सहा गोळ्या. उपाशी, किरकोळ बांध्याच्या किंवा दारू पिणाऱ्या माणसासाठी ती त्याहून कमी धरायची. टीबीच्या रुग्णाने तर ‘ऑटोफॅजीसाठी’ म्हणून जेवण तोडू नयेच. त्याच्या यकृताला प्रथिनांची गरज आहे. श्रद्धेचा उपवास ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आजारपणात तो पुढे ढकलायची मुभा आपल्या परंपरेतही आहे.

गुळवेल, काढे, हळदीच्या कॅप्सूल यांनी यकृत ‘साफ’ होतं का?

यकृत बाहेरून साफ करायची गरज नसते. ते काम त्याच्या पेशी रोज करतात.

गुळवेलीबद्दल मुंबईतला अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोविडच्या काळात, २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, गुळवेल घेतल्यानंतर यकृताची इजा झालेले सहा रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. इजेचं रूप स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने यकृतावर हल्ला केल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, पण नंतर देशातल्या इतर केंद्रांतूनही असेच रुग्ण नोंदले गेले. हळदीचं म्हणाल तर फोडणीतली चिमूटभर हळद आणि मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेली कॅप्सूल यांची तुलनाच होऊ शकत नाही. अशा कॅप्सूलमुळे झालेल्या इजा अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत.

‘ऑटोफॅजी वाढवतं’ असं आता कितीतरी डब्यांवर लिहिलेलं असतं. पेशींच्या तबकडीत एखाद्या अर्काने ऑटोफॅजी वाढली, तर त्याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो की त्या पेशींना त्रास झाला. त्रास झालेली पेशी सफाई वाढवतेच.

ऑटोफॅजी वाढवणारं एखादं औषध यकृत वाचवण्यासाठी मिळतं का?

औषधांमुळे झालेल्या इजेवर असं मान्यताप्राप्त औषध आज नाही. रॅपामायसिन प्रतिकारशक्ती दाबतं, ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी आहे. कार्बामाझेपिनने उंदरांत यकृतातल्या चुकीच्या घडीच्या प्रथिनांची सफाई वाढली, पण कार्बामाझेपिन स्वतःच यकृताला इजा करणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. लायसोसोमची संख्या वाढवणाऱ्या टीएफईबी या नियंत्रकावर काम चालू आहे आणि मला त्याच्याकडून आशा आहे, कारण नुसत्या गाड्या वाढवून भागत नाही, डेपोही हवेत.

पॅरासिटामॉलच्या अतिडोसवर मात्र खात्रीचा उतारा आहे: एन-अॅसिटिलसिस्टीन. ते ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतं. गोळ्या घेतल्यापासून ८ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं. उशीर झाला तरी देतात. धोका असा की पहिल्या दिवशी थोड्या मळमळीपलीकडे काहीच जाणवत नाही आणि एएलटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिखराला पोचतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबलेला रुग्ण उताऱ्याची वेळ घालवून बसतो.

माझी ऑटोफॅजी कशी चालली आहे, हे रक्ततपासणीत कळेल का?

नाही. तसा अहवाल कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

कळतं ते यकृताचं नुकसान. एएलटी म्हणजे जुनं नाव एसजीपीटी, ते पेशी फुटल्याचं सांगतं. बिलिरुबिन (काविळीत वाढणारा पिवळा रंगद्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) यकृताचं काम कितपत चालू आहे ते सांगतात. टीबीच्या उपचारात त्रास जाणवत असताना एएलटी मर्यादेच्या तिपटीवर, किंवा काहीच त्रास नसताना पाचपटीवर गेलं, तर औषध थांबवायचा नियम आहे. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञांनी आणखी एक ठोकताळा दिला: औषधामुळे एएलटी तिपटीवर आणि सोबत बिलिरुबिन दुपटीवर गेलं, तर अशा दहातल्या जवळपास एका रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. नुसतं वाढलेलं एएलटी आणि कावीळ झालेला माणूस यांत म्हणूनच इतका फरक करतात.

औषध बंद केल्यावर यकृत पूर्ववत होतं का?

बहुतेकांचं होतं, काही आठवड्यांत. त्या काठावरच्या वाचलेल्या पेशी विभागून जागा भरून काढतात, आणि त्या वाचण्यात ऑटोफॅजीचा वाटा असतो. काहींना महिने लागतात. थोड्यांचं यकृत निकामी होऊन प्रत्यारोपणाची वेळ येते.

लहान मुलांना तापात काय द्यावं?

पॅरासिटामॉलच, पण वजनावर: एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तास, आणि दिवसात किती वेळा ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. घोळ होतो तो बाटल्यांचा. ५ मिलीलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असतं, तसंच दिसणारं २५०चं असतं, आणि थेंबांची बाटली १ मिलीलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. आधीच्या बाटलीचं माप नव्या बाटलीला लावू नका. निमेसुलाइड या ताप-वेदनेवरच्या दुसऱ्या औषधावर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून आपल्याकडे बंदी आहे.

कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं?

डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना अचानक उडणं, सततची मळमळ किंवा उलटी, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगाला खाज. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोप उलटीपालटी झाली, तर दवाखान्यात नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात. टीबीच्या गोळ्या चालू असतील आणि यांतलं काही दिसलं, तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांशी किंवा उपचार केंद्राशी बोला, आणि परस्पर पुन्हा सुरूही करू नका.

डोळे पाहायचे ते दिवसाच्या उजेडात, खालची पापणी ओढून. आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, सिरपच्या बाटल्या, काढ्याच्या पुड्या, जिममधल्या पावडरचा डबासुद्धा, एका पिशवीत भरून न्या. “काही विशेष नाही घेत” म्हणणाऱ्या रुग्णाच्या पिशवीतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.